साखरपुडा झालाय, लग्न व्हायचंय, आणि मधे यूकेचा व्हिसा

दिवाळीच्या आधी सांगलीहून काकूचा फोन. "पोरीचा साखरपुडा झकास झाला गं, लग्न मेमध्ये. मधे पाच-सहा महिने आहेत ना, तोवर हिच्या व्हिसाचं टाकून देऊया का, म्हणजे लग्न लागलं की दोघं एकाच विमानाने जातील, नाहीतर हा जाणार पुढे आणि ही बसणार इथे वाट बघत." ऐकायला एकदम बरोबर वाटतं. गॅसच्या कनेक्शनपासून स्कूटरपर्यंत काकूने आयुष्यात सगळं आधी नंबर लावूनच मिळवलंय. मी विचारलं, जावयाचं तिकडचं स्टेटस काय आहे? काकू म्हणाली, "परमनंट आहे की तो!"

परमनंट होती ती नोकरी. म्हणजे प्रोबेशन संपून कन्फर्मेशनचं लेटर आलं होतं. व्हिसा साधा स्किल्ड वर्कर, कंपनीने स्पॉन्सर केलेला, तीन वर्षांचा. आणि या एका 'परमनंट' शब्दामुळे काकूने चार ठिकाणी विचारून जमवलेली सगळी माहिती दुसऱ्याच कुणाच्यातरी कामाची निघाली. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं, कारण हा प्रश्न मला दर लग्नसराईत कुणी ना कुणी विचारतंच. मी वकील नाही, पण या कागदांतून मी स्वतः गेलेय आणि मागच्या काही वर्षांत नात्यातल्या तिघींचे अर्ज शेजारी बसून भरलेत.

तर सुरुवात इथून. व्हिसावाल्यांच्या लेखी साखरपुडा ही काही वेगळी अवस्था नाही. आपल्याकडे साखरपुडा झाला की मुलगी अर्धी सासरची, सासू हक्काने साड्या पाठवते, मुलगा 'जावईबापू' होतो. तिथे प्रश्न दोनच, लग्न झालंय का, आणि नसेल तर कधी, कुठे, आणि ते होणारच कशावरून. 'लग्न झालेली बायको' म्हणून अर्ज करायचा तर ज्या दिवशी ऑनलाइन फॉर्म भरून फी भराल त्या दिवशी लग्न झालेलं असलं पाहिजे. आधी फॉर्म टाकून ठेवू, सर्टिफिकेट मागाहून जोडू, हे यूकेत चालत नाही.

आता काकूला हे कुणी सांगितलं असेल तेही मला माहितेय. तिच्या भिशीतल्या एका बाईंची भाची मेलबर्नला असते. ऑस्ट्रेलियाचा भारतातून टाकायचा जो पार्टनर व्हिसा आहे, सबक्लास ३०९, तो लग्न ठरलेलं असतानाही टाकता येतो, फक्त निकाल लागायच्या आत लग्न व्हावं लागतं. त्या बाई खोटं बोलत नव्हत्या, त्यांचा देश वेगळा होता. अमेरिकेचं आणखीनच निराळं, तिथला के-१ व्हिसा फक्त अमेरिकन नागरिकाच्या वाग्दत्त जोडीदाराला, ग्रीनकार्डवाल्याच्या नाही, आणि तिथे उतरल्यापासून ९० दिवसांत लग्न. त्यामुळे दुसऱ्या देशातल्या भाचीचा अनुभव कितीही खरा असला तरी तो आपल्या फॉर्मला लावायचा नाही.

यूकेत साखरपुडा झालेल्यांसाठी एक व्हिसा आहे, फियान्से व्हिसा. पण तो मागवायचा हक्क कुणाला? तर जो तिथे पक्का झालाय त्याला. पक्का म्हणजे ब्रिटिश किंवा आयरिश नागरिक, किंवा आयएलआर मिळालेला म्हणजे मुदतीशिवाय राहायची परवानगी असलेला, किंवा युरोपियन स्कीमखाली राहणारे काहीजण, किंवा ज्यांना तिथे आश्रय मिळालाय ते. वर्क व्हिसावर असलेल्या मुलाच्या होणाऱ्या बायकोसाठी फियान्से व्हिसा नावाचा प्रकारच नाही. तिच्यासाठी डिपेंडंट व्हिसा, आणि त्याला एकतर लग्न झालेलं हवं नाहीतर किमान दोन वर्षांचं लग्नासारखं नातं दाखवता यायला हवं. ठरवून झालेल्या लग्नात, जिथे एप्रिलमध्ये बायोडाटा आला आणि ऑक्टोबरमध्ये साखरपुडा झाला, तिथे दोन वर्षं कुठून आणणार.

आणि मुलगा तिकडे शिकत असेल तर आणखी कठीण. जानेवारी २०२४ पासून नेहमीची एमएस्सी-एमबीए करणाऱ्यांना जोडीदार आणताच येत नाही, पीएचडी किंवा रिसर्चच्या पदवीला असेल तरच. केअर वर्करच्या व्हिसावर मार्च २०२४ नंतर गेलेल्यांचंही तसंच. तेव्हा स्थळ बघतानाच, पत्रिका जुळवायच्या आधी म्हणा हवं तर, मुलाला सरळ विचारावं की बाबा तुझ्या व्हिसाचं नाव काय, संपतो कधी, आणि त्यावर बायको येऊ शकते का. वाईट दिसतं वगैरे काही नाही. पॅकेज विचारताना कुठे कुणाला वाईट वाटतं.

इथून पुढचं मग ज्यांचा होणारा नवरा किंवा बायको खरंच पक्की आहे त्यांच्यासाठी. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, म्हणजे तिथे जन्मलेली, ब्रिटिश पासपोर्टवाली, मराठी कळतं पण उत्तर इंग्लिशमध्ये देणारी मुलं-मुली भरपूर आहेत आणि त्यांची लग्नं पुण्या-कोल्हापुराशी अजूनही जमतात.

फियान्से व्हिसा मिळतो सहा महिन्यांचा. त्या सहा महिन्यांत यूकेत जाऊन लग्न करायचं आणि मग तिथूनच, देश न सोडता, बायको किंवा नवरा म्हणून पुढच्या अडीच वर्षांचा अर्ज करायचा. अटी अशा की दोघं १८ पूर्ण, दोघं लग्नाला मोकळे म्हणजे आधीचं लग्न असेल तर घटस्फोटाचा कागद हातात, लग्न करून तिथे एकत्र राहायचा खरा इरादा, आणि दोघं एकमेकांना प्रत्यक्ष भेटलेले. व्हिडिओ कॉलवर रोज तीन तास बोललात तरी ती भेट धरत नाहीत. म्हणून मुलगा साखरपुड्याला आला असेल तर त्याच्या विमानाचे बोर्डिंग पास आणि पासपोर्टवरचे शिक्के जपून ठेवायचे, मला वाटतं साखरपुड्याच्या अल्बमपेक्षा त्याचं वजन जास्त असतं.

पैशाची अट ही सगळ्यात मोठी. ११ एप्रिल २०२४ पासून बोलावणाऱ्याचं वर्षाचं उत्पन्न किमान २९,००० पाउंड दाखवावं लागतं, त्याआधी बारा वर्षं हा आकडा १८,६०० होता, त्यामुळे जुन्या लोकांनी सांगितलेला हिशोब विसरा. मुलगी पुण्यात कितीही कमवत असली तरी तिचा भारतातला पगार यात धरत नाहीत, कारण ती गेल्यावर तो पगार बंद होणार असं त्यांचं म्हणणं. ज्याला पगारावर जमत नाही त्याला बचतीवर जाता येतं, पण नुसत्या बचतीवर जायचं तर ८८,५०० पाउंड सहा महिने खात्यात पडून हवेत, आणि ते कुठून आले तेही दाखवायचं. म्हणजे मामाकडून पंधरा दिवसांसाठी आणून ठेवलेले पैसे चालणार नाहीत, हे सांगायला नकोच पण सांगतेय, कारण एकाने मला विचारलं होतं.

पगाराचे कागद हे नकार येण्याचं एक नेहमीचं ठिकाण आहे आणि इथे चूक ही अगदी बारीक असते. सहा महिन्यांच्या पगारपत्रकांवरची हातात आलेली रक्कम आणि बँकेत जमा झालेली रक्कम एकेका महिन्याची जुळली पाहिजे. कंपनीचं पत्र हवं ज्यात पगार किती, कधीपासून कामाला, नोकरी कायम की करारावर, आणि हा पगार किती दिवसांपासून चालू आहे हे सगळं लिहिलेलं हवं. आणि शेवटचा कागद अर्जाच्या तारखेपासून २८ दिवसांच्या आतला. मी बघितलेल्या तीनातल्या एका अर्जात मुलाने नोकरी बदलून चारच महिने झाले होते, तर त्याला वेगळ्या नियमाखाली मागच्या पूर्ण १२ महिन्यांची कमाई दाखवावी लागली. झालं काम, पण आधी कळलं असतं तर दोन महिने थांबूनच टाकलं असतं. नोकरी बदलायची असेल तर अर्जाच्या तोंडावर बदलू नका एवढंच.

मग राहायची जागा. सासू-सासऱ्यांबरोबर राहणार असाल तरी हरकत नाही, फक्त जोडप्याला स्वतंत्र खोली हवी आणि घरात माणसं कोंबलेली नकोत, घर भाड्याचं असेल तर मालकाची संमती. इंग्रजीची परीक्षा, बोलणं आणि ऐकणं, ए१ लेव्हल, म्हणजे अगदी सोपी, बहुतेकांना त्याचा अपमानच वाटतो. पण गंमत अशी की लोक कॉलेजच्या अ‍ॅडमिशनला दिलेलं साधं आयईएल्ट्सचं मार्कशीट घेऊन येतात, आणि ते चालत नाही, व्हिसासाठी मान्य असलेलीच परीक्षा हवी. इंग्लिश मीडियमच्या पदवीवर सूट मिळते पण त्यासाठी एक्टिस नावाच्या संस्थेकडून तसं पत्र आणावं लागतं, युनिव्हर्सिटीच्या नुसत्या शिक्क्यावर भागत नाही. आणि टीबीची टेस्ट, छातीचा एक्सरे. सहा महिन्यांच्या इतर व्हिसांना ती लागत नाही पण फियान्सेला लागते, आणि ती त्यांनी मान्यता दिलेल्या सेंटरवरच करायची, गल्लीतल्या एक्सरेवाल्याकडे नाही. सर्टिफिकेट सहा महिने चालतं, तेव्हा फार आधी करून ठेवण्यात अर्थ नाही.

आता खर्च, कारण इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. भारतातून टाकायच्या फियान्से व्हिसाची फी एप्रिल २०२५ च्या दरांनी १,९३८ पाउंड होती, पुढचे आकडेही त्याच दरांचे. त्यावर एनएचएसचा म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा सरचार्ज नाही, म्हणून स्वस्त वाटतो. पण लग्न झाल्यावर तिथून परत अर्ज, त्याची फी १,३२१, आणि आता मात्र अडीच वर्षांचा सरचार्ज २,५८७ पाउंड ५० पेन्स. बेरीज ५,८४६ आणि वर पन्नास पेन्स. तेच भारतात लग्न करून थेट स्पाउस व्हिसा टाकला तर फी तीच १,९३८, सरचार्ज ३,१०५, एकूण ५,०४३, आणि व्हिसा मिळतो ३३ महिन्यांचा. म्हणजे फियान्सेचा रस्ता आठशे पाउंडांनी महाग आणि वर दोनदा कागद जमवायचे. पाउंड शंभरच्या बराच वर आहे, गुणाकार तुम्हीच करा. आणि या फिया एप्रिलच्या आसपास वाढत असतात, त्यामुळे ज्या दिवशी फॉर्म भराल त्या दिवशी सरकारी साइटवरचा आकडा बघा, माझा नको.

पण पैशापेक्षा मला खटकते ती दुसरी गोष्ट. फियान्से व्हिसावर काम करता येत नाही. एक तासही नाही, तिथूनच ऑनलाइन पुण्याच्या ऑफिसचं काम करणंही या परवानगीत बसत नाही. सहा महिने, मग पुढचा अर्ज, त्याचा निकाल येईपर्यंत आणखी काही आठवडे किंवा महिने, तोवर पगार शून्य. हॉस्पिटलची ट्रीटमेंट फुकट नाही कारण सरचार्ज भरलेला नाही, तेव्हा इन्शुरन्स काढून जायचं. आणि ही मुलगी कोण, तर पुण्यात स्वतःची गाडी चालवत ऑफिसला जाणारी, महिन्याला घरी पैसे देणारी. ती नव्या देशात, थंडीत, अजून लग्न न झालेल्या सासरी, पन्नास पाउंडसुद्धा मागून घेणार. हे सहा महिने पुढे आयएलआरसाठी मोजतात त्या पाच वर्षांतही धरत नाहीत. मी असं म्हणत नाही की कुणी घेऊच नये. ज्यांना खरंच तिकडे लग्न करायचंय, मुलाचे आजी-आजोबा प्रवास करू शकत नाहीत, किंवा दोघांपैकी एकाच्या घरी इथे लग्न होऊ देणार नाहीत, त्यांच्यासाठी तो बरोबर आहे. पण 'साखरपुडा झालाय म्हणून फियान्से' एवढ्याच कारणासाठी नको.

तिकडे लग्न करायचं तर तेही समजून घ्या. हॉल घेतला, गुरुजी आणले, अंतरपाट धरला, सप्तपदी झाली, तरी इंग्लंडच्या कायद्यात लग्न झालं असं होत नाही. काही मंदिरं लग्नासाठी रजिस्टर केलेली आहेत, तिथे अधिकृत माणूस हजर असेल तर चालतं, बाकी ठिकाणी रजिस्ट्रारसमोरचं सिव्हिल लग्न वेगळं करावं लागतं. त्याआधी रजिस्टर ऑफिसात दोघांनी जाऊन नोटीस द्यायची, नोटीस द्यायच्या आधी त्या भागात किमान सात दिवस राहिलेलं असायला हवं, आणि मग २८ दिवस थांबायचं. सहा महिन्यांतला सव्वा महिना तरी असाच जातो. म्हणून पोचल्या-पोचल्या नोटीस. खरंच काही अडचण आली, कुणी गेलं, आजारपण आलं, तर कारण दाखवून मुदत वाढवायला अर्ज करता येतो, पण 'मुहूर्त नव्हता' हे कारण मी तरी लिहिणार नाही.

आणि टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथे गुपचूप लग्न उरकायची आयडिया सांगणारे महाभाग असतात. टुरिस्ट व्हिसावर तिथे लग्नही करता येत नाही आणि तिथून स्पाउसवर बदलताही येत नाही. मॅरेज व्हिजिटर नावाचा वेगळा व्हिसा आहे, तो फक्त लग्न करून परत येणाऱ्यांसाठी. त्यावर गेलात तर लग्न होईल आणि मग इथे परत येऊन पहिल्यापासून.

आता मूळ मुद्द्यावर येते, जो मला खरंतर सगळ्यात जास्त सांगायचाय. हे सगळं ऐकलं की आपल्याकडे कुणीतरी मामा किंवा एजंट सोफ्यावर मागे रेलून म्हणतोच, "सोप्पंय, आत्ता रजिस्टर करून टाकायचं, सर्टिफिकेट घ्यायचं, व्हिसाला टाकायचं, विधी मेमध्ये." कागदापुरतं लग्न. हे इतकं सर्रास चालतं की कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

आधी एक गोंधळ सोडवू. आपण ज्याला सरसकट 'रजिस्टर लग्न' म्हणतो त्यात दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. एक, हिंदू पद्धतीने झालेल्या लग्नाची नोंदणी, महापालिकेत नाहीतर ग्रामपंचायतीत, लग्नपत्रिका, फोटो, गुरुजींची सही आणि तीन साक्षीदार घेऊन. ही नोंदणी आहे, लग्न नाही. लग्न आधी झालेलं असतं, ऑफिस फक्त लिहून घेतं. दुसरं, १९५४ च्या स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखालचं, ज्याला आपण कोर्ट मॅरेज म्हणतो पण कोर्टाचा त्यात संबंध नसतो, विवाह अधिकारी असतो. तिथे अधिकाऱ्यासमोर सही करणं हेच लग्न. त्यासाठी दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात ३० दिवस राहिलेला हवा, नोटीस लागते, ३० दिवस थांबायचं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न केलं नाही तर नोटीस बाद.

मामा जे सुचवत असतो ते साधारण यातलं पहिलं, पण विधी न करता. कुणीतरी संस्था 'विवाह संपन्न झाला' असा कागद देते, त्यावर नोंदणी. यावर आपल्या सुप्रीम कोर्टाने १९ एप्रिल २०२४ ला निकाल दिलाय, न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या खंडपीठाने. प्रकरण दोन पायलटांचं. मार्च २०२१ मध्ये साखरपुडा, जुलैमध्ये कागदोपत्री लग्न दाखवून नोंदणी, आणि खरा समारंभ ठरला ऑक्टोबर २०२२ ला. त्याच्या आधीच दोघांचं बिनसलं. कोर्टाने सांगितलं की हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे विधीच झाले नसतील तर ते लग्नच नाही, मग सर्टिफिकेट असलं तरी ते लग्न सिद्ध करत नाही. आणि निकालात त्यांनी मुद्दाम हेही लिहिलंय की परदेशी व्हिसाला अर्ज करता यावा, वेळ वाचावा म्हणून आईबाप पोरांच्या लग्नाची आधी नोंदणी करून ठेवतात, ही पद्धत बंद व्हायला हवी. म्हणजे अक्षरशः काकूचाच प्लॅन.

याचा अर्थ काय होतो बघा. विधी न करता मिळवलेल्या सर्टिफिकेटवर व्हिसा मागितलात तर तुम्ही परदेशी सरकारला सांगताय की आमचं लग्न झालंय, आणि तुमच्याच देशाचं कोर्ट म्हणतंय की झालेलं नाही. खोटी माहिती दिली असं ठरलं तर यूकेत दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. आणि उलट बाजू, कोर्ट मॅरेज नीट केलंत तर ते पक्कं लग्न आहे, 'फक्त कागदापुरतं' असं काही नसतं. साखरपुडा मोडला तर अंगठ्या आणि साड्या परत करून, थोडी भांडणं होऊन, विषय मिटतो. सही केल्यावर मोडलं तर घटस्फोट, आणि लग्नाला वर्ष होईपर्यंत साधारणपणे घटस्फोटाचा अर्जही घेत नाहीत. मुलीच्या बायोडाटावर मग 'घटस्फोटित' लिहावं लागतं, एक दिवससुद्धा एकत्र न राहता. आईबाप म्हणतात कागद तर आहे, आणि मग तोच कागद गळ्यात येतो.

मग करायचं काय? माझं मत सरळ आहे, लग्न आधी करायचं असेल तर खरंच आधी करा. छोटं करा, घरात करा, पण विधीसकट करा, आणि त्या तारखेला मनातही लग्न धरा. किंवा स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली सही करा आणि ते लग्न आहे हे दोन्ही घरांनी मान्य करा. मुलाकडे ब्रिटिश पासपोर्ट असेल तर कुठल्या कायद्याखाली करायचं हे इथल्या एखाद्या वकिलाला फी देऊन विचारा, ते पैसे वसूल होतात. तिकडचा सल्ला घ्यायचा तर सॉलिसिटर नाहीतर इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेला माणूस, नोंदणी नसताना तिथे असा सल्ला देणं हा गुन्हा आहे. आमच्या ओळखीतल्या एकीने एका एजंटला भरपूर पैसे दिले आणि त्याने फॉर्ममध्ये तिचा जुना शेंगेनचा म्हणजे युरोपच्या व्हिसाचा नकारच लिहिला नाही, 'कशाला उगाच' म्हणून. ते निस्तरायला पुढे वर्ष गेलं.

नातं खरं आहे हे दाखवण्याबद्दल थोडं, कारण ठरवून केलेल्या लग्नवाल्यांना याचीच भीती जास्त असते. आमचे तर फोटोच चार, फिरायला कुठे गेलोच नाही, दोनदाच भेटलो. अहो चालतं. ठरवून केलेलं लग्न त्यांना माहितेय, त्यात गैर काही नाही. फक्त तुमची गोष्ट सलग सांगा. स्थळ कुणी आणलं, पत्रिका कधी जुळली, कांदेपोह्यांना कोण कोण होतं, नंतर दोघं बाहेर कुठे भेटलात, होकार कधी दिला, साखरपुड्याला किती माणसं, हॉलचं बुकिंग, केटरिंगची पावती. चॅटचे हजार स्क्रीनशॉट नकोत, महिन्याला दोन-तीन पुरे, तारखा दिसतील असे. मराठी कागद, पत्रिका वगैरे, प्रमाणित भाषांतर करून, भाषांतर करणाऱ्याचं नाव-सही-तारखेसकट. दोघांनी वेगवेगळं लिहिलेलं पत्र द्या, आणि देण्याआधी एकमेकांची वाचा. पहिली भेट एकीने १४ ला लिहिली आणि त्याने १६ ला, असलं काही नको.

आणि नावं. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आणि उत्साहात लगेच आधारवर बदल. पासपोर्टवर जे नाव आहे त्याच नावाने सगळा अर्ज करा, बदल व्हिसा आल्यावर सावकाश. लग्नात नाव बदलायचं तर तांदळात बदला.

काकूकडे परत. जावई वर्क व्हिसावर, म्हणजे फियान्से नाहीच, डिपेंडंट. त्याला २९,००० ची अट नाही, तिच्यासाठी २८५ पाउंड २८ दिवस खात्यात दाखवायचे किंवा कंपनीने हमी द्यायची, सरचार्ज वर्षाला १,०३५ प्रमाणे त्याच्या व्हिसाच्या उरलेल्या मुदतीचा, टीबी टेस्ट आहेच, आणि तिला तिथे पोचल्या दिवसापासून नोकरी करता येणार. फक्त लग्न आधी हवं. दोन रविवार दोन्ही घरांची चर्चा झाली. सासूबाईंचं म्हणणं एकुलत्या एकाचं लग्न असं घरात कसं उरकायचं. शेवटी ठरलं की फेब्रुवारीत तो दोन आठवडे सुट्टी काढतोय, काकूच्या अंगणात मांडव, साठ माणसं, सगळे विधी, दुसऱ्या आठवड्यात महापालिकेत नोंदणी, मार्चमध्ये मुंबईला टीबीची टेस्ट आणि अर्ज. मेमधला हॉल ठेवलाय, तेव्हा तो परत येईल आणि तोवर व्हिसा आला तर दोघं एकाच विमानाने, काकूला हवं होतं तसं.

काल परत फोन. हॉलच्या पत्रिका छापायला टाकायच्यात, मेच्या तारखेच्या, वर 'शुभविवाह'च ठेवू ना, लोकांना काय कळतंय. म्हटलं काकू, नको, 'स्वागत समारंभ' छाप. लोकांचं जाऊ दे, पण एक पत्रिका त्या फायलीतसुद्धा जाणारेय.